कलत्या खुर्चीची वाटणी

मी, खाली सही करणारी, धंद्याने खुर्च्या घडवणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. हात थोडा थरथरतो, पण अक्षर लागते. वकीलबाई म्हणाल्या की इथे "स्वखुशीने" असा शब्द घालावा लागतो. मी म्हटले, "खुशी कसली? मी चिडून लिहितेय." त्या म्हणाल्या, "कायद्याला राग चालतो, जबरदस्ती चालत नाही." तेव्हा असे समजावे की हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, कोणाचीही जबरदस्ती नसताना आणि स्वतःच्या रागाने करत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द. ते मुलाने टाइप करून आणले होते आणि त्यात माझ्या खुर्च्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत "कलाकृती" म्हटले होते.

डॉक्टरांनी मला किती वेळ उरला आहे ते सांगितले आहे. त्यांच्याशीही माझे पटत नाही. त्यांच्या दवाखान्यात आजारी माणसांना ज्या बाकड्यांवर ताटकळत बसवतात त्यांची पाठ भिंतीसारखी उभी आहे आणि बैठक पुढे उतरती आहे. माणूस सारखा घसरतो आणि सारखा मागे सरकतो. मी त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आजी, तुम्ही मन शांत ठेवा." मी मन शांत ठेवणार नाही.

कलम १. वारस.

माझे पती हयात नाहीत. ते शाळेत भूगोल शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि मीही मास्तरच म्हणत असे. आम्हाला एक मुलगा. तो जाहिरातींच्या धंद्यात होता. मास्तर गेल्यावर तो आपणहून माझ्या कामाचा व्यवस्थापक झाला. ही नेमणूक मी केलेली नाही. तो आल्यापासून माझ्या खुर्च्यांचे फोटो माणसांशिवाय निघू लागले. पांढरी भिंत, पांढरी जमीन आणि मध्ये खुर्ची एकटी. मी विचारले, "माणसं कुठे गेली?" तर म्हणाला, "आई, माणूस आला की नजर माणसाकडे जाते." मग खुर्ची कशासाठी असते असे त्याला वाटते, कोण जाणे.

पोरगा वाईट नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढची कलमे वाचून तसे वाटणार नाही. माझी औषधे तो आणतो, न चुकता आणतो, आणि माझ्या शिव्या खाऊन परत जातो.

कलम २. कारखाना आणि हत्यारे.

घराखालचा कारखाना, त्यातली दोन्ही टेबले, करवती, रंधे, पटाश्या, कानशी, लाकूड वाकवायची वाफेची पेटी आणि वाळूचे खोके मी माझ्या विणकरणीला देते. माझ्या सगळ्या खुर्च्यांचा वेत तिने विणला आहे. लाकडाचे मी बघायचे, वेताचे तिने, आणि मध्ये भांडण दोघींनी मिळून करायचे, असा आमचा धंदा चालला. मुलाने तिला कारखान्यातून हलवू नये. जागा रिकामी करून तिथे "शोरूम" काढायचा विचार त्याच्या डोक्यात आहे हे मला ठाऊक आहे. तो तिथेच राहू द्यावा.

वाळूच्या खोक्याबद्दल थोडे लिहिते, नाहीतर कोणी तरी त्यात कुंड्या ठेवेल. गिऱ्हाईक आले की मी त्याला ओल्या वाळूवर पातळ कापड घालून बसवते. माप घेतले जात आहे म्हटले की माणूस सावरून बसतो, पोट आत घेतो, हनुवटी वर करतो. तो ठसा खोटा असतो. म्हणून मी विचारते, "सध्या तुम्हाला सगळ्यात जास्त राग कोणाचा येतो?" आधी सगळे म्हणतात, छे, कोणाचाच नाही. मग हळूहळू सुरू होते. बोलता बोलता एक खांदा उतरतो, एक मांडी पुढे येते, माणूस जसा आहे तसा बसतो. मग मी म्हणते, "उठा," आणि वाळूत जे उरते त्यावरून बैठक कोरते. एक बँकवाला आपल्या सासूबद्दल बोलू लागला तो जेवायची वेळ झाली तरी थांबेना. त्याची खुर्ची फार सुरेख झाली. पुढच्या महिन्यात त्याची बायको आली आणि तीही त्याच बाईबद्दल बोलली.

कॉलेजात शिकवताना मी ही पद्धत विद्यार्थ्यांना दाखवली तेव्हा आमचे विभागप्रमुख म्हणाले की हे शास्त्रीय नाही. मी त्यांना वाळूवर बसायला सांगितले. ते बसले नाहीत. त्यांना या मृत्युपत्रातून काही नाही.

कलम ३. आराखडे.

माझ्या खुर्च्यांचे आराखडे जो कोणी एका माणसासाठी एक खुर्ची करत असेल त्याने खुशाल वापरावेत, त्याला मोकळीक आहे. एकाच मापाच्या शंभर करायच्या असतील तर माझे नाव लावू नये.

यात एक अपवाद आहे. ज्याची ठिकठिकाणी कॉफीची दुकाने आहेत त्या गृहस्थाला माझ्या आराखड्यातली एक रेघही मिळता कामा नये. तो माझ्याकडे आला होता. सूट उत्तम, बोलणे साखरेत घोळवलेले. म्हणाला, "बाई, खुर्ची अशी हवी की बघताक्षणी माणसाला बसावंसं वाटलं पाहिजे." मी खूश झाले. मग म्हणाला, "पण थोड्याच वेळात उठावंसंही वाटलं पाहिजे. टेबलं अडून राहतात हो." म्हणजे दिसायला देखणी आणि आतून छळणारी खुर्ची. तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला त्याच्या सुटासकट जिना उतरायला लावला. मुलगा तेव्हा नवीनच व्यवस्थापक झाला होता. तो त्याच्या मागे धावत जाऊन माफी मागून आला, आणि मग मी त्यालाही त्याच जिन्यावरून उतरवले.

कलम ४. मानचिन्ह.

काचेचे जे टोकदार मानचिन्ह मला मिळाले ते ज्याला हवे त्याने न्यावे. देणाऱ्या परीक्षकांपैकी एकही जण माझ्या खुर्चीत बसलेला नव्हता. मी भाषणात तसे विचारले तर टाळ्या वाजल्या. त्यांना वाटले मी विनोद केला.

कलम ५. कलती.

आता मुद्द्याचे. हे मृत्युपत्र मी ज्या वस्तूसाठी करत आहे ती ही.

मास्तर शाळेच्या जिन्यावरून पडले आणि त्यांचा डावा खुबा मोडला. हाड जुळले, पण वाकडे जुळले. चालताना ते डावीकडे कलायचे आणि सपाट खुर्चीत तर त्यांना बसवतच नसे. उश्या झाल्या, गाद्या झाल्या, टॉवेलच्या घड्या झाल्या. शेवटी मी म्हटले, "चला खाली, वाळूवर बसा." बसले. मी नेहमीसारखे विचारले, "राग कोणाचा येतो?"

मास्तर म्हणाले, "तुझाच."

"माझा? मी काय केलं?"

"पडल्यापासून तू माझ्याकडे गिऱ्हाइकासारखी बघतेस. काल मी पाणी मागितलं तर तू माझ्या गुडघ्याकडे बघत होतीस."

बोलत गेले. बरेच बोलले. मी उत्तर दिले नाही, कारण ठसा फार चांगला उमटत होता.

त्या ठशावरून मी ही खुर्ची केली. अक्रोडाचे लाकूड, वेताची पाठ. बैठक डावीकडे दोन बोटे खाली. मागचा डावा पाय आखूड. डावा हात जाड आणि पुढे आलेला, म्हणजे उठताना त्यावर रेटा देता यावा. रिकामी असली की खुर्ची पडेल की काय असे वाटते. मास्तर बसले की सरळ दिसायची, आणि मास्तरही सरळ दिसायचे. आम्ही तिला कलती म्हणायचो. शाळा सुटल्यावर रोज संध्याकाळी ते कलतीत बसून पेपर तपासत. डाव्या हाताचे लाकूड त्यांच्या तळव्याने असे गुळगुळीत झाले की मला कुठल्याही पॉलिशने तसे करता आले नसते.

मग कोणी तरी तिचा फोटो छापला आणि मी प्रसिद्ध झाले. लिहिणाऱ्यांनी लिहिले की या बाईंनी आपल्या काळाच्या असमतोलाची निर्भीड मांडणी केली आहे. मास्तरांनी ते कलतीतच बसून मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "अगं, माझा खुबा निर्भीड आहे म्हणे." आम्ही पोट धरून हसलो. पण मला राग तेव्हाही आला होता. माझ्या नवऱ्याला बसताना दुखू नये म्हणून केलेली वस्तू, आणि हे लोक तिच्यात काळ शोधत होते. बघायला कुणी सुंदर म्हणावी याला माझी हरकत नाही. सुंदर व्हावी म्हणून मीही जिवाचा आटापिटा केलाच होता. पण आधी ती बसायची वस्तू आहे.

कलम ६. संग्रहालयाने काय केले.

मास्तर चार वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर महिन्याभराने माझे डोळ्याचे ऑपरेशन होते. घरी परत आले तेव्हा कलतीच्या जागी एक कुंडी होती. मुलगा म्हणाला, "पॉलिशला दिलीय." काही दिवसांनी म्हणाला, "संग्रहालयात ठेवलीय, आई. तिथे नीट राहील. तुझं वेगळं दालन करायचं म्हणताहेत." कुंडी अजून तिथेच आहे. मी तिला पाणी घालत नाही, तरी जगते.

मी विणकरणीला घेऊन बघायला गेले. मोठे दालन, गार हवा, आणि मध्ये चौथऱ्यावर कलती. भोवती मखमली दोर. पुढे पाटी: "अक्रोड, वेत. बसू नये." मला आधी वाटले की माझा डोळा नीट बसलेला नाही, कारण कलती सरळ उभी होती. टेबलाजवळच्या कुठल्याही खुर्चीसारखी, नाकासमोर बघत. मी वाकून पाहिले. मागच्या डाव्या पायाखाली त्यांनी पितळेचा तुकडा बसवला होता.

मी दोर ओलांडला आणि जाऊन बसले. घंटा वाजायला लागली. पहारेकरी धावत आला.

"बाई, उठा! ही प्रदर्शनातली वस्तू आहे."

"मीच केलीय."

"असेल हो, पण बसायची परवानगी नाही."

मग दालनप्रमुख आले. हातात पांढरे हातमोजे होते. आम्ही दोघी तेव्हापासून त्यांना हातमोजेच म्हणतो. मला ओळखल्यावर त्यांचा चेहरा पडला. "आपण? अहो, आपल्याच कलाकृतीची काळजी घेतोय. डावा पाय झिजला होता. आम्ही खुर्ची मूळ स्थितीत आणली."

"मूळ स्थिती म्हणजे?"

"म्हणजे... सरळ."

विणकरीण मागून म्हणाली, "अहो, यांचा नवरा तिरका होता. चालायला हो, स्वभावाने नाही."

हातमोज्यांना काही कळले नाही. मी सांगितले, पितळ काढा आणि खुर्ची माझ्या घरी पाठवा. तेव्हा ते अदबीने म्हणाले की खुर्चीच्या दोन्ही मालकांनी लेखी कळवल्याशिवाय तसे करता येत नाही. दोन्ही मालक! मास्तरांनी मृत्युपत्र केले नव्हते. खुर्ची मी त्यांना दिलेली, म्हणजे त्यांची. ते गेल्यावर अर्धी माझी आणि अर्धी मुलाची. वकीलबाईंनीही हेच सांगितले. मी तिथूनच मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, तिथे तमाशा करू नकोस. नंतर बोलू." ते नंतर अजून आलेले नाही.

अर्धी खुर्ची म्हणजे काय असते? तिच्यात अर्धे बसता येते का? मी मेल्यावर माझा अर्धा हिस्साही मुलाकडेच जाईल, आणि मग माझ्या नवऱ्याची खुर्ची पितळ लावून, दोर बांधून, कोणालाही बसू न देता जन्मभर उभी राहील. हे मी होऊ देणार नाही. यासाठीच हा सगळा खटाटोप.

कलम ७. निवड.

कारखान्यावरच्या तीन खोल्यांचे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या मुलाने माझ्या हयातीत कलतीतला आपला अर्धा हिस्सा मला लिहून दिला, तर हे घर त्याचे. न दिल्यास माझ्यामागे घर विकावे आणि आलेल्या पैशातून डॉक्टरांच्या दवाखान्यातली बाकडी बदलावीत. आराखडा मी करून ठेवला आहे.

कलती पूर्ण माझी झाल्यावर तिचे पितळ काढावे आणि ज्याचा डावा खुबा मास्तरांसारखा आहे अशा माणसाला ती रोज बसायला द्यावी. असा माणूस मला व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी शोधून ठेवला आहे. तो रिक्षा चालवायचा, आता चालवता येत नाही. मी त्याला पाहिले आहे. त्याला कलती बसेल.

मुलगा घर निवडेल याबद्दल मला शंका नाही. हिशेबाला पक्का आहे. आणि त्याला खुर्चीत जे हवे आहे ते दालन आहे, माझ्या नावाची पाटी आहे, उद्घाटनाचा फोटो आहे. मी जिवंतपणी या सगळ्यावर पाणी सोडले आहे, त्यानेही सोडावे.

कलम ८. उरलेले.

बँकेत जे आहे त्यातून विणकरणीच्या डोळ्यांचे ऑपरेशन करावे. ती टाळाटाळ करील, तिचे ऐकू नये. उरेल ते मुलाच्या मुलीला, माझ्या नातीला द्यावे. माझे कपडे कोणी भरतकाम करणारे असेल त्याला द्यावेत, कारण त्यांवर लाकडाचा भुसा आणि डाग सोडून काही नाही. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर लोकांना घडीच्या लोखंडी खुर्च्यांवर बसवू नये.

कलम ९. हे कलम मागाहून लिहीत आहे.

वरची आठ कलमे लिहून झाल्यावर वकीलबाईंनी ती मुलाला वाचून दाखवायचे ठरवले, कारण कलम सात त्याला माहीत असल्याशिवाय त्याला निवड करता येणार नाही. काल दुपारी तो कारखान्यात आला. मी कानस चालवत होते. वकीलबाईंनी वाचले. विणकरीण वेत भिजवण्याच्या निमित्ताने तिथेच थांबली. त्यांनी मुलाला बसा म्हटले तरी तो बसला नाही. टेबलाला टेकून उभा राहून ऐकत होता. कलम सात झाले तेव्हा तो म्हणाला, "घर विक."

मला वाटले मला नीट ऐकू आले नाही. "काय?"

"विक म्हटलं. बाकडी कर त्यांची. माझा हिस्सा मी देणार नाही."

वकीलबाई म्हणाल्या, "घाई करू नका. तीन खोल्यांचं घर आहे."

"मला कळतंय काय आहे ते. मी तिथेच वाढलोय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला वाटतं मला दालन हवंय? पाटी हवीय? त्या हातमोजेवाल्याला दालनाचं मीच सांगितलं, कारण त्याशिवाय त्याने खुर्ची ठेवून घेतली नसती."

"मग तुला हवंय काय?"

"तिच्यात कुणी बसायला नकोय."

मी कानस चालवत राहिले. मला राग आला की हात थांबत नाही. म्हटले, "खुर्चीत कुणी बसायचं नाही, हे तू खुर्च्या करणाऱ्या बाईला सांगतोस?"

"बाबांना जाऊन आठवडा झाला नव्हता, आई. मी वर आलो तर त्यांच्या खुर्चीत कोण तरी माणूस बसलेला. पाय लांब करून. आणि तू खाली वाकून त्याच्या कमरेचं माप घेत होतीस."

"गिऱ्हाईक होतं. त्याची पाठ..."

"माहितीये मला, गिऱ्हाईक होतं! तू त्याला विचारत होतीस, सध्या राग कुणाचा येतो. मी दारात उभा होतो. मला नाही विचारलंस."

विणकरणीने पाण्यातून हात बाहेर काढले.

मुलगा थांबला नाही. "लोक भेटायला यायचे तेव्हा घरात चिकार खुर्च्या होत्या. तू सगळ्यांना बसवायचीस, याला ही खुर्ची, त्याला ती, पाठ दुखत असेल तर इकडे बसा. मी पहिल्या दिवसापासून दारात उभा होतो. शेवटी रिकामी राहायची ती तेवढी एकच. त्यात मी कसा बसणार होतो? आणि मग तू तिच्यात गिऱ्हाईक बसवलंस."

मी कानस खाली ठेवली. म्हटले, "हे चार वर्षं तोंडात धरून ठेवलंस? मला तेव्हाच का नाही बोललास?"

"तू आज पहिल्यांदा हातातलं खाली ठेवलंस," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्याच्या मागे मी बरेच काही बोलले. ते इथे लिहू द्यायला वकीलबाईंनी नकार दिला आहे. मला अजूनही राग आहे. मास्तर गेल्यावर मी काम केले, कारण मला दुसरे काही येत नाही. कोणी रडते, मी माप घेते. याबद्दल मी माफी मागणार नाही. पण एक मूल, मग ते एक्कावन्न वर्षांचे का असेना, माझ्या घरात दिवसच्या दिवस उभे होते आणि मी त्याला बसवले नाही, याचा मला जो संताप आला आहे तो वरच्या आठही कलमांत मावणार नाही. तो कोणावर काढायचा ते मला कळत नाही. सध्या तो हातमोज्यांवर काढत आहे. काल संध्याकाळी त्यांना फोन करून मी जे बोलले त्यानंतर ते पितळ काढायला आपणहून तयार झाले आहेत.

तरी पुढीलप्रमाणे ठरवते.

कलम सात रद्द. ते खोडू नये, वाचता येईल असे राहू द्यावे. घर मुलाचे, कोणत्याही अटीशिवाय. कलतीतला माझा अर्धा हिस्साही मी त्यालाच देते. म्हणजे ती आता पूर्ण त्याची. त्याने ती दुसऱ्या कोणाला बसायला दिली नाही तरी माझी तक्रार नाही. तक्रार आहे, पण ती मी मागे घेते. रिक्षावाल्याचे माप मी या आठवड्यात वाळूवर घेणार आहे. त्याची वेगळी खुर्ची होईल. माझ्या हातून पुरी झाली नाही तर विणकरणीने पुरी करून घ्यावी.

संग्रहालयातून कलती घरी आणावी. कुंडी हलवावी आणि त्या जागी ती ठेवावी.

मी गेल्यावर लोक भेटायला येतील. या वेळी सगळ्यांना बसवायला मी नसेन. मुला, हे तुला लिहिते, बाकीच्यांनी वाचले तरी चालेल. तू दारात उभा राहू नकोस. बाबांच्या खुर्चीत बस आणि बसून लोकांना भेट. तुझा खुबा सरळ आहे, त्यामुळे ती तुला टोचेल, डावीकडे ओढल्यासारखे होईल. म्हणून डाव्या बाजूला घालायला एक उशी विणकरणीकडून करून घेतली आहे. तुझे माप माझ्याकडे नाही. उभ्या माणसाचे माप घेता येत नाही, तेव्हा अंदाजाने केली आहे. लहान झाली असेल तर तिला सांग, ती उसवून देईल.

वर लिहिले ते सर्व मी स्वतः लिहिले आहे, वाचून पाहिले आहे आणि त्यातला एकही शब्द कमी करायला मी तयार नाही. खालील दोघांनी मला माझ्या हाताने सही करताना पाहिले. त्या दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, आणि दोघेही सही करताना नीट बसलेले होते.

लिहून ठेवणारी: खुर्चीवाली (सही)

साक्षीदार पहिला: शेजारचा औषधवाला (सही)

साक्षीदार दुसरी: व्यायाम शिकवणाऱ्या बाई (सही)

स्थळ: कारखाना, खिडकीजवळचे टेबल. दिनांक: एकोणीस मार्च, सकाळ.

वारसाने मजकूर वाचल्याची नोंद (त्याच्याच अक्षरात, वकीलबाईंनी जागा सोडली होती):

वाचलं. खुर्ची मंगळवारी घेऊन येतो. उशी नको. टोचू दे.